पोट आत घे

'पोट आत घे' हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा ऐकले असेल, त्याची गणतीच नाही. पहिल्यांदा ऐकले ते आईच्या तोंडून. मी अकरा-बारा वर्षांची असेन. दिवाळीचा नवा परकर आई मला नेसवत होती आणि माझे सगळे लक्ष अंगणातल्या फटाक्यांकडे. "पोट आत घे गं," असे म्हणून तिने माझ्या बेंबीवर टिचकी मारली आणि नाडीची गाठ अशी करकचून बांधली, की त्या दिवशीचा फराळ मला बेतानेच खावा लागला. पुढे शाळेत कवायतीच्या बाईंनी तेच सांगितले. लग्नात फोटोग्राफरने सांगितले, तेही सासऱ्यांच्या देखत. बाळंतपणात सासूबाईंनी जुन्या नऊवारीचा पट्टा करून माझे पोट इतके आवळले, की श्वास घ्यायचा तर परवानगी काढावी लागे. सत्तेचाळिसाव्या वर्षी पिशवी काढली, तेव्हा घरी येताना डॉक्टरीणबाईंनी हातात इलॅस्टिकचा पट्टा ठेवला. पन्नास वर्षे मी इमानेइतबारे पोट आत घेत आले. ते आत गेले नाही, हा भाग निराळा.

मराठी भाषेला मात्र पोटाचे भारी कौतुक. आपण दुसऱ्याचे अपराध पोटात घालतो, दुःख पोटात ठेवतो, पोटातले ओठावर येऊ देत नाही, मूल पोटाशी धरतो आणि पोटाला चिमटा काढून संसार करतो. यांतली बहुतेक कामे घरातल्या बाईकडेच असतात. पण इतकी कामे करणारे ते पोट स्वतः कुणाच्या दृष्टीस पडता कामा नये. ते एक तर दुसऱ्यांसाठी राबायचे, नाही तर पदराखाली झाकायचे.

तेव्हा एकसष्टाव्या वर्षी मी बेली डान्स शिकू लागले, म्हणजे शब्दशः पोटाचा नाच शिकू लागले, हे कळल्यावर नातेवाइकांचे जे व्हायचे ते झाले. धाकटी नणंद फोनवर दोन मिनिटे नुसती हसत होती. मग एकाएकी गंभीर होऊन म्हणाली, "वहिनी, बरं आहे ना सगळं?"

सगळे बरे आहे. पण ते बरे कसे झाले, हे सांगायचे तर मला कैरोपासून सुरुवात केली पाहिजे.

२०२० साली हे गेले. त्यानंतरची दोन वर्षे मी काय केले, असे कुणी विचारले तर मला सांगता येणार नाही. सकाळी उठत होते, आईला आणि मला पुरेल एवढा स्वयंपाक करीत होते, संध्याकाळी दिवा लावीत होते. लेक आणि जावई नोकरीनिमित्त कैरोला राहतात. २०२२ च्या डिसेंबरात लेकीने तिकीटच पाठवले. आई महिनाभर भावाकडे गेली आणि मी आयुष्यात प्रथमच एकटी विमानात बसले.

लेकीचे घर नाईल नदीच्या पश्चिम काठावरच्या दोक्की भागात आहे. पिरॅमिड पाहून झाले, संग्रहालय पाहून झाले. मग एक दिवस जावई म्हणाले, "आई, नदीतल्या बोटीवर जेवण असतं आणि बेली डान्स असतो. जायचं का?" मी तात्काळ नाही म्हटले. या नाचाविषयी माझे ज्ञान हिंदी सिनेमापुरतेच होते. १९७५ साली 'शोले' आला तेव्हा मी तेरा वर्षांची होते. डाकूंच्या तळावर शेकोटीच्या उजेडात हेलन नाचू लागली, तेव्हा शेजारी बसलेल्या काकांनी खोकून खोकून थिएटर डोक्यावर घेतले होते. जावयाच्या शेजारी बसून तसले काही पाहायची माझी तयारी नव्हती.

पण चुकवायचे म्हटले की ते दुसऱ्या दाराने येते. आठ दिवसांनी समोरच्या बिऱ्हाडातल्या मुलीचे लग्न निघाले आणि आदल्या रात्रीच्या मेंदीचे बोलावणे आले. तिकडे या रात्रीला 'लैलत अल्-हिन्ना' म्हणतात. आपल्याकडे मेंदी, तिकडे हिन्ना. मला ते ओळखीचे वाटले आणि मी गेले.

आत गेल्यावर पाहते तो तीस-चाळीस बायका. पुरुष औषधालासुद्धा नाही. दार बंद झाले, पडदे ओढले गेले, प्रत्येकीचा फोन आतल्या खोलीत ठेवायला लावला. मग जे झाले ते मी डोळे विस्फारून पाहत राहिले. ज्या बायका जिन्यात, रस्त्यात मला नेहमी डोके झाकलेल्या दिसत, त्यांनी डोक्यावरचे रुमाल सोडले आणि तेच कमरेला गच्च बांधले. एका मुलीने सुरईच्या घाटाचे एक तोंडी वाद्य मांडीवर आडवे घेतले. त्याला तिकडे तबलाच म्हणतात, हे ऐकून मला हसू आले. तिने मधोमध थाप मारली: दुम. काठावर मारली: टक. आणि एकेक बाई उठू लागली.

वधू उठली, तिच्या मैत्रिणी उठल्या, आई उठली, मावश्या उठल्या. सडपातळ होत्या, जाडजूड होत्या, एक तर आठव्या महिन्यातली होती; ती खुर्चीचा आधार घेऊन नुसते खांदे हलवीत होती. कुणी नाचू लागली की दुसरी जीभ टाळूखाली भराभर हलवून लांब किलकारी काढी आणि मग सगळीकडून तशाच किलकाऱ्या उठत. कुणी कुणाला दाखवण्यासाठी नाचत नव्हते. आपल्या मंगळागौरीत पहाटेच्या तीनच्या सुमाराला, सगळे पाहुणे पेंगलेले असताना आठ-दहा जणींचा जो खेळ रंगतो, तसे ते होते.

मी सवयीने कोपऱ्यातली खुर्ची गाठली होती. हे गेल्यापासून कुठल्याही मंगलकार्यात माझी नजर आधी कोपरा शोधते. कुणी तसे सांगत नाही, आपल्यालाच कळते. तेवढ्यात वधूची आजी मध्यभागी आली. अंगावर पायघोळ काळा झगा, वय सत्तरीच्या पुढे, देह भारदस्त. सगळ्याजणी तिला 'हाग्गा' म्हणत होत्या. हजला जाऊन आलेल्या वडील बाईला तिकडे मानाने असे म्हणतात. ती दोन पावलांच्या जागेतून हलली नाही. हातही फारसे हलवले नाहीत. फक्त कंबर एका बाजूला पडे, थांबे, आणि ठेक्यावर परत येई. जशी भरलेली घागर डुलते तशी. खोलीतली बडबड आपोआप थांबली. एवढ्या थोड्या हालचालीत एवढे काही असू शकते, हे मी प्रथमच पाहत होते.

नाच संपवून ती थेट माझ्यासमोर आली आणि तिने माझा हात धरला. "हिंदीया? अमिताभ बच्चन!" एवढे बोलून तिने मला उठवायला सुरुवात केली. मी लेकीला म्हटले, "सांग त्यांना, मी नाही नाचत." लेकीने सांगितले. आजीने मान हलवली आणि ओढणे चालूच ठेवले. शेवटी मी म्हटले, "सांग त्यांना, तुझे बाबा गेले आहेत."

लेक क्षणभर गप्प राहिली. मग तिने खालच्या आवाजात सांगितले. आजी माझ्याकडे बघत राहिली आणि स्वतःच्या काळ्या झग्याला चिमटीत धरून काहीतरी म्हणाली. आजूबाजूच्या बायका खो-खो हसल्या.

"काय म्हणाल्या?"

"म्हणतात, माझाही नवरा जाऊन तीस वर्षं झाली. नवरा गेला, कंबर कुठं गेली?"

आणि तिने स्वतःच्या कमरेचा रुमाल सोडून माझ्या साडीवरून बांधला.

मी काय नाचले ते मला ठाऊक नाही. त्यांच्यासारखे काही येत नव्हते, तेव्हा पाय आपोआप पिंग्याचे पडू लागले. कमरेवर हात ठेवून मी वाकले आणि घुमू लागले. बायकांना ते इतके आवडले, की पाच मिनिटांत कैरोच्या त्या दिवाणखान्यात आठ-दहा जणी वाकून पिंगा घालू लागल्या. त्या रात्री घरी आल्यावर मला बराच वेळ झोप आली नाही. दोन वर्षांत प्रथमच मी पोट दुखेपर्यंत हसले होते.

मग मी त्या नाचाच्या मागेच लागले. उरलेल्या दिवसांत लेकीला विचारून, वाचून, जुने इजिप्शियन सिनेमे पाहून जे जमले ते गोळा केले. पहिली गोष्ट कळली ती ही, की त्यांच्या भाषेत या नाचाच्या नावात पोट नाहीच. ते म्हणतात 'रक्स शर्की', म्हणजे पूर्वेकडचा नाच. किंवा 'रक्स बलदी', म्हणजे आपल्या गावचा, आपल्या मातीतला नाच. पोट चिकटवले ते परक्यांनी. आधी फ्रेंचांनी त्याला पोटाचा नाच म्हटले. मग १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात कैरोचा एक रस्ताच उभारला होता, तिथे हा नाच अमेरिकेने पाहिला आणि ते नाव जगभर झाले. त्याच वर्षी, त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या धर्मपरिषदेत स्वामी विवेकानंद बोलले होते. एका शहरात एकाच वर्षी पूर्वेकडून आलेल्या दोन गोष्टी पाश्चात्त्यांनी पाहिल्या. एकीला टाळ्या मिळाल्या आणि दुसरीला शिट्ट्या.

घरातली बाई घरात नाचे, तिला कुणी काही म्हणत नसे. पण पैसे घेऊन नाचणारीचे हाल आपल्याकडच्यासारखेच. १८३४ साली मुहम्मद अली या राज्यकर्त्याने अशा नर्तकींना कैरोतून हुसकून दूर दक्षिणेला एस्ना, केना, अस्वान या गावांकडे धाडले. पुढे १९२६ साली बदिया मसाबनी नावाच्या कर्तबगार बाईने कैरोत स्वतःची नाट्यशाळा काढली आणि घरातला तो नाच रंगमंचावर आणला. हातांना वळणे दिली, मंचभर फिरायला शिकवले, मोठा वाद्यमेळ दिला. तहिया कारिओका आणि सामिया गमाल या दोन थोर नर्तकी तिच्याच हाताखाली तयार झाल्या आणि मग सिनेमात गाजल्या. त्यांतली तहिया १९५० च्या दशकात राजकीय मतांपायी तुरुंगातही जाऊन आली. १९९९ साली वारली. एडवर्ड सैद या विख्यात विद्वानाने शाळकरी वयात तिला कैरोत नाचताना पाहिले होते. त्याने पुढे १९९० साली तिच्यावर एक आख्खा गौरवलेख लिहिला. तिचे नाचणे मी जुन्या चित्रपटांत पाहिले. जागची न हलता ती सगळा पडदा व्यापते. मला हाग्गाच आठवली.

तरीही आजसुद्धा लग्नात नर्तकीला हौसेने बोलावणारे घर आपल्या मुलीला नर्तकी होऊ देणार नाही. आणि त्याच घरातली प्रत्येक मुलगी आईच्या मांडीवरून उतरली की नाचू लागते. हा दुटप्पीपणा मला अजिबात परका वाटला नाही. लावणीला वन्स मोअर देणारे आणि लावणीवालीला दारातून परतवणारे हात आपल्याकडे एकच होते.

पुण्याला परत आल्यावर सहा महिने गेले. हाग्गाने दिलेला रुमाल कपाटात होता. २०२३ च्या जूनमध्ये भाजी आणायला जाताना एका शाळेच्या फाटकावर कागद चिकटवलेला दिसला: शनिवारी-रविवारी बायकांसाठी बेली डान्सचा वर्ग. तीन शनिवार मी फाटकावरून परत आले. चौथ्या शनिवारी आत गेले.

शिकवणारी मुलगी माझ्या लेकीहून लहान. वर्गात आम्ही अकरा जणी. बँकेतली एक अधिकारी, इस्पितळातली एक परिचारिका, दोन कॉलेजकन्या, एक पोळीभाजी केंद्र चालवणारी, बाकी माझ्यासारख्या. पहिल्या दिवशी प्रत्येकीला 'का आलात' म्हणून विचारले. बँकवालीने वजन कमी करायचे म्हणून सांगितले. परिचारिका म्हणाली, "दिवसभर मी दुसऱ्यांची शरीरं उचलते, वळवते, पुसते. मला माझं एक आहे की नाही, ते बघायला आले." मी पाठदुखीचे कारण दिले. खरे सांगायचे धैर्य झाले नाही.

ज्यांना हे वाचून सुरुवात करावीशी वाटत असेल त्यांच्यासाठी, दोन वर्षांत मला जे कळले ते सांगते. चमचमत्या दोन तुकड्यांच्या पोशाखाचे भय बाळगू नका; तो रंगमंचाचा पोशाख. घरातल्या बायका घरातल्या कपड्यांत नाचतात. सलवार-कमीज चालेल, गाऊन चालेल. फक्त एक ओढणी कमरेला बांधायची. साडीचा काठ बसतो त्याच्याही चार बोटे खाली, हाडावर. म्हणजे आपली कंबर नेमकी कुठे हलते ते आपल्यालाच दिसते. पायात काही नको. समोर आरसा असावा, आणि सुरुवातीचे काही दिवस त्यात चेहऱ्याकडे पाहू नये.

उभे राहणे हाच पहिला धडा. पावले कमरेच्या रुंदीइतकी दूर आणि समांतर. गुडघे ताठ नकोत, सैल हवेत. माकडहाड जमिनीकडे सोडायचे. छाती उचललेली, खांदे खाली. डोक्यावर भरला हंडा आहे असे समजायचे. वरचे अंग त्या हंड्यासाठी, खालचे नाचासाठी. आम्ही पहिले दोन आठवडे नुसत्या उभ्या होतो म्हटले तरी चालेल.

मग एक पाऊल किंचित पुढे, टाच उचललेली. तो गुडघा थोडा सरळ केला की त्या बाजूची कंबर वर जाते, वाकवला की खाली पडते. यातले मर्म असे, की काम गुडघा करतो आणि नाव कमरेचे होते. ते जमले की कंबर गोल फिरवायची, जात्याची वरची तळी फिरते तशी, सावकाश. त्यानंतर आठाचा आकडा. आमच्या बाईंनी कमरेने आठ काढायला सांगितला. सगळ्यांचा जमला, माझा काही केल्या जमेना. मी दर वेळी एका बाजूला झोकांडी खाऊन भिंतीकडे जात होते. शेवटी उलगडा झाला, की त्यांचा आठ इंग्रजी होता आणि मी मराठी आठ काढत होते.

पुढे थरथर. दोन्ही गुडघे आळीपाळीने मागेपुढे करायचे, आधी हळू, मग भराभर. चाळणीत पीठ नाचते तसे सगळे अंग नाचू लागते. श्वास कोंडायचा नाही. पोटाची जी लाट म्हणतात, वरून खाली जाणारी, ती सगळ्यांत शेवटी. दोन-तीन महिने तिचे नावही काढू नये. एक अवयव हलला की बाकीचे स्थिर राहिले पाहिजेत, हे सांगायला अवघड वाटते. पण सूप पाखडताना मनगट हलते आणि मान हलत नाही, पोळी लाटताना हात फिरतो आणि पाऊल फिरत नाही, हे आपण रोजच करतो. बायकांचे निम्मे शिक्षण स्वयंपाकघरात आधीच झालेले असते.

ठेका आधी टाळ्यांनी शिकावा. सर्वांत परिचित ठेका 'मक्सूम' नावाचा, आठ मात्रांत बसणारा: दुम, टक, रिकामी, टक, दुम, रिकामी, टक, रिकामी. भाजी चिरताना मी तो विळीवर म्हणते. रोज पंधरा मिनिटे पुरतात. आधी पाठ आणि पोटऱ्या मोकळ्या कराव्यात. ज्यांना कमरेचे जुने दुखणे आहे, ज्यांचे पोटाचे ऑपरेशन नुकतेच झाले आहे किंवा ज्या गरोदर आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच यावे. आणि दुखले की थांबावे. हा काही उपास नाही.

हे सगळे झाले 'कसे'. 'का' याचे उत्तर मला एका शनिवारी अचानक मिळाले. बाई शिकवताना 'लोअर ॲब्डोमेन, लोअर ॲब्डोमेन' म्हणत होत्या. परिचारिका म्हणाली, "मॅडम, ओटीपोट म्हणा ना सरळ." आम्ही सगळ्या हसलो, पण तो शब्द माझ्या मनातून जाईना. आपल्या भाषेने या जागेला किती सुंदर नाव दिले आहे! जिथे ओटी भरायची ती ही जागा. नारळ, खण, मूठभर तांदूळ. पदर पसरून घेतलेले मागणे. मग मूल होते, मग पिशवी काढली जाते, मग नवरा जातो आणि एक दिवस कुणी ओटी भरीनासे होते. पदर रिकामा राहतो आणि पदराखालच्या त्या जागेचा आपल्यालाही विसर पडतो. औषध घ्यायला आणि ताप मोजायला तेवढे शरीर उरते.

या नाचात ती जागा हलते. तिच्याकडून काही मागायचे नसते, तिला कुठे लपवायचे नसते. जोडीदार लागत नाही, त्यामुळे तो नाही हे जाणवत नाही. बारीक असावे लागत नाही. उलट थरथरीला पोटाची वळी असली तर ती जास्त शोभते, हे मी स्वतः पाहिले आहे. ठेका धरता धरता एका कुठल्याशा क्षणी मन बोलायचे थांबते. बँकवालीचे वजन दीड किलोच कमी झाले, पण ती एकही शनिवार चुकवत नाही. मला वाटते, बायकांना हा नाच आवडतो तो याचसाठी. दिवसातून पंधरा मिनिटे पोट आत घ्यावे लागत नाही.

आता एकच सांगायचे राहिले.

माझी आई उत्तम पिंगा घालायची. माझी पहिली मंगळागौर १९८३ च्या श्रावणात झाली. तेव्हा आईने रात्रभर खेळून माझ्या सासरच्या सगळ्या बायका दमवल्या. फुगडी, झिम्मा, कोंबडा, सूप, काही म्हणून सोडले नाही. पुढच्या वर्षी उन्हाळ्यात वडील गेले. दुसऱ्या मंगळागौरीला ती आली, फराळाचे सगळे तिनेच केले. पण खेळाच्या वेळी स्वयंपाकघराच्या दारात चौकटीला धरून उभी राहिली. मी खेळत होते आणि मला ती दिसत होती. तिला चल म्हणावे असे मला सुचले नाही. तेव्हा मी बावीस वर्षांची होते, एवढेच माझ्या बाजूने सांगता येईल. त्यानंतर ती कधीच खेळली नाही. तेव्हा तिचे वय त्रेचाळीस होते.

२०२४ च्या श्रावणात आमच्याच इमारतीतल्या नव्या सुनेची मंगळागौर होती. ती बोलवायला आली ती म्हणाली, "काकू, तुम्ही तर याच, पण आजींनाही आणा." ती गेल्यावर आई म्हणाली, "मी कशाला? उगीच त्यांच्या आनंदात." मी काही बोलले नाही. दुपारी ती झोपली असे पाहून मी स्वयंपाकघरात ओढणी बांधली आणि सराव सुरू केला. थोड्या वेळाने सहज वळून पाहिले, तर आई दारात, चौकटीला धरून. अगदी तशीच.

मी थांबले.

"थांबलीस का?" ती म्हणाली. "पिंग्याचंच आहे हे."

"पिंगा नाही गं आई, इजिप्तचा नाच आहे."

"असेल. कंबर तीच ना?" ती आत आली, तिने खुर्ची ओढली आणि बसून बराच वेळ माझ्या पायांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "डावा गुडघा ताठ आहे तुझा. सैल सोड. आणि पोट कशाला आत ओढून धरलंयस? सोड की!"

रात्री आम्ही दोघी गेलो. आई खेळली नाही. त्र्याऐंशीव्या वर्षी गुडघे तेवढे उरलेले नाहीत. पण ती दारात उभी राहिली नाही; दिवाणखान्यात मध्यभागी खुर्ची टाकून बसली आणि रात्री एक वाजेपर्यंत मुलींना ओरडून ओरडून खेळ शिकवत होती. दोन खेळ असे निघाले, की तिथे एकीलाही माहीत नव्हते. ओटी भरायची वेळ झाली तशा आम्ही दोघी सवयीने उठलो आणि चपला शोधू लागलो. तेवढे अजून बदललेले नाही.

लिफ्टमध्ये आईने पदर सारखा केला. मला वाटले, आता काहीतरी जुने, मनातले बोलेल.

"त्या सगळ्या पोरींचे गुडघे ताठ आहेत," ती म्हणाली. "पाठव त्यांना तुझ्या वर्गात."